लोकशाहीतील बहुमत आणि न्याय : भूसंपादनाचा घटनात्मक प्रवास

लोकशाहीत कायदे बहुमताने होतात. ज्या पक्षाला वा आघाडीला अधिक प्रतिनिधी लाभतात तिने शासन चालवावे आणि विधिमंडळात ज्या बाजूला अधिक मते पडतील तो निर्णय सर्वांनी मानावा, हा या व्यवस्थेचा पाया होय. परंतु बहुमताचा निर्णय वैध असला म्हणजे तो न्याय्यही असतोच असे नाही. घटनात्मक लोकशाहीने म्हणूनच बहुमताला अधिकार दिला आणि त्याच वेळी त्या अधिकाराला मर्यादाही घातल्या. या मर्यादा कोणाच्या रक्षणासाठी आहेत आणि त्या ढिल्या पडल्यास त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्यासाठी भूसंपादनाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. धरण, महामार्ग, वीजकेंद्र यांचा लाभ लाखोंना होतो. जमीन मात्र मोजक्या गावांची जाते. अनेकांच्या हितासाठी थोड्यांनी किती सोसावे, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष सातबाऱ्यावर येऊन उभा राहतो.

हिमाचल प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यातील एका महिलेची जमीन राज्य शासनाने १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी ताब्यात घेतली. संपादनाची कोणतीही कारवाई झाली नाही व मोबदलाही मिळाला नाही. निरक्षर असलेल्या या महिलेला आपल्या हक्काची माहिती नव्हती. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा शासनाने असा युक्तिवाद केला की, इतकी वर्षे जमीन आपल्याच ताब्यात असल्याने प्रतिकूल कब्जाच्या तत्त्वानुसार ती आपलीच झाली आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि मोबदला देण्याचा आदेश दिला. कल्याणकारी राज्याला स्वतःच्याच नागरिकाविरुद्ध असा दावा करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या निकालातील एक बाब विशेष विचार करण्याजोगी आहे. १९६७-६८ मध्ये मालमत्तेचा हक्क राज्यघटनेत मूलभूत हक्क म्हणून नोंदलेला होता. तरीही त्या महिलेला न्याय मिळण्यास अर्धे शतक लागले.

वसाहतकालीन वारसा

सार्वजनिक कारणासाठी खासगी मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार जवळजवळ प्रत्येक आधुनिक राज्यसंस्थेकडे असतो. तो नसता तर एका मालकाच्या नकारामुळे संपूर्ण रेल्वेमार्ग अडून पडला असता. भारतात या अधिकाराला नेमके रूप दिले ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. अधिसूचना, हरकती, घोषणा, निवाडा आणि ताबा असा त्याचा क्रम होता. एखादे प्रयोजन सार्वजनिक आहे अशी घोषणा शासनाने एकदा केली की ती घोषणाच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानली जाई. तातडीचे कलम लावल्यास हरकती ऐकण्याची पायरीही वगळता येत असे. कंपन्यांसाठी जमीन संपादित करण्याची तरतूदही याच कायद्यात होती.

या व्यवस्थेला झालेला सुरुवातीचा संघटित विरोध महाराष्ट्राने पाहिला. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील जमीन संपादित होऊ लागली, तेव्हा १९२१ मध्ये तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे नेते होते. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली आणि खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. त्या काळी शासन परकीय होते. त्यामुळे अन्यायाचा दोष परकीय सत्तेवर टाकता येत होता. स्वातंत्र्यानंतर मात्र तोच १८९४ चा कायदा लोकनियुक्त शासनाच्या हाती आला आणि २०१३ च्या अखेरपर्यंत अंमलात राहिला. सत्तेचा मालक बदलला. सत्तेचे साधन बदलले नाही.

घटनाकारांपुढील पेच

राज्यघटना तयार होत असताना मालमत्तेच्या प्रश्नाला दोन बाजू होत्या. एकीकडे, व्यक्तीची मालमत्ता शासनाने मनमानीने हिरावून घेऊ नये ही उदारमतवादी भूमिका होती. दुसरीकडे, जमीनदारी निर्मूलन हे स्वातंत्र्य चळवळीने शेतकऱ्यांना दिलेले वचन होते. प्रत्येक जमीनदाराला पूर्ण बाजारभावाने मोबदला द्यावयाचा तर नव्या राज्याची तिजोरी रिकामी झाली असती. घटनेने तडजोड स्वीकारली. अनुच्छेद १९ मध्ये मालमत्ता धारण करण्याचे स्वातंत्र्य आणि अनुच्छेद ३१ मध्ये कायद्याशिवाय व मोबदल्याशिवाय मालमत्ता न घेण्याची हमी, अशी ती रचना होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत एका विसंगतीकडे लक्ष वेधले होते. राजकीय जीवनात प्रत्येक व्यक्तीला एक मत आणि प्रत्येक मताचे समान मूल्य मिळेल. आर्थिक व सामाजिक जीवनात मात्र विषमता कायम राहील. ही विसंगती फार काळ टिकल्यास लोकशाहीचीच इमारत धोक्यात येईल, असा तो इशारा होता. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे ही विसंगती कमी करण्याचा प्रयत्न होता.

बिहारच्या १९५० च्या जमीन सुधारणा कायद्यात मोठ्या जमीनदाराला उत्पन्नाच्या कमी पट आणि लहान जमीनदाराला अधिक पट मोबदला ठरविण्यात आला होता. समानतेच्या हक्काचा भंग होतो या कारणावरून पाटणा उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये हा कायदा रद्द ठरविला. संसदेने त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून अनुच्छेद ३१अ व ३१ब आणि नववी अनुसूची यांचा समावेश केला. या अनुसूचीत घातलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येणार नव्हते. तेव्हा हक्काची ढाल पुढे करणारा अल्पसंख्य वर्ग हा जमीनदारांचा होता, तर बहुमताच्या बाजूस कूळ व शेतमजूर होते. बहुमत आणि सामाजिक न्याय एकाच दिशेने चालले होते, म्हणून राज्यसंस्थेच्या अधिकाराचा विस्तार बहुसंख्य जनतेला स्वागतार्ह वाटला.

संसद आणि न्यायालय

यानंतरची तीन दशके संसद व न्यायपालिका यांच्यातील ओढाताणीची ठरली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीसाठी पश्चिम बंगालने केलेल्या कायद्यात जमिनीची किंमत ३१ डिसेंबर १९४६ च्या दरापुढे जाणार नाही असे बंधन होते. बेला बॅनर्जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोबदला म्हणजे घेतलेल्या वस्तूचे न्याय्य मोल असा अर्थ लावून ते बंधन अमान्य केले. त्यावर १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने मोबदल्याच्या पुरेसेपणाचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेला. १४ मोठ्या बँकांचे १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. त्यासंबंधीचा कायदा न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये रद्द केला, तेव्हा १९७१ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने ‘मोबदला’ हा शब्दच काढून त्या जागी ‘रक्कम’ हा शब्द घातला.

या संघर्षाची परिणती २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात झाली. १३ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने असा निर्णय दिला की, संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते, परंतु घटनेची मूलभूत संरचना नष्ट करू शकत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ही मर्यादा दूर करण्याचा प्रयत्न केला. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात तो असफल ठरला. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार मर्यादित आहे आणि ही मर्यादा हाच घटनेच्या मूलभूत संरचनेचा एक भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे जानेवारी २००७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या अनुसूचीत घातलेले कायदेही मूलभूत संरचनेच्या कसोटीवर तपासता येतील, असा निर्णय दिला.

मालमत्तेच्या हक्काचे स्थान मात्र दरम्यान बदलले होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २० जून १९७९ पासून तो मूलभूत हक्क राहिला नाही. अनुच्छेद १९ मधील संबंधित उपखंड व अनुच्छेद ३१ वगळण्यात आले आणि कायद्याच्या प्राधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावली जाणार नाही, एवढीच हमी देणारा अनुच्छेद ३००अ आला. मोबदल्याचा स्पष्ट उल्लेख दोन ठिकाणी तेवढा उरला. अल्पसंख्याकांच्या शिक्षण संस्थांच्या मालमत्तेसाठी तो अनुच्छेद ३० मध्ये समाविष्ट झाला. तसेच कमाल मर्यादेच्या आत स्वतः कसत असलेल्या जमिनीला बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदला देता येणार नाही, ही अनुच्छेद ३१अ मध्ये १९६४ साली आलेली अट कायम राहिली.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

मोठ्या जमीनदारांना नमविण्यासाठी हक्काची ढाल लहान करण्यात आली खरी. परंतु ती लहान झाली ती सर्वांसाठीच. जमीनदारीचा प्रश्न मागे पडल्यावर धरणे, खाणी, पोलाद कारखाने आणि औद्योगिक वसाहती यांसाठी जमीन लागू लागली. ती प्रामुख्याने अल्पभूधारकांची, दलितांची व आदिवासींची होती. विस्थापितांची पूर्ण सरकारी मोजणी देशात झालेली नाही. विस्थापनाचे अभ्यासक वॉल्टर फर्नांडिस यांच्या अंदाजानुसार स्वातंत्र्यानंतरच्या सुमारे साडेपाच दशकांत विस्थापित व प्रकल्पग्रस्तांची संख्या ६ कोटींच्या घरात जाते व त्यांत आदिवासींचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा ८.६ टक्के आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे विकासाचे ओझे किती विषम वाटले गेले याची कल्पना येते. अल्पसंख्य हा शब्द आता बड्या मालकाला लागू न होता डोंगरातील पाड्याला लागू होऊ लागला होता.

अर्थशास्त्रात एखाद्या धोरणाच्या इष्टतेची एक कसोटी कॅल्डॉर व हिक्स या अर्थतज्ज्ञांनी १९३९ मध्ये मांडली. लाभ होणाऱ्यांना नुकसान सोसणाऱ्यांची पूर्ण भरपाई करूनही काही शिल्लक राहत असेल, तर तो बदल समाजाच्या दृष्टीने फायद्याचा मानावा, असे ती सांगते. या कसोटीत भरपाई शक्य असणे पुरेसे आहे. ती प्रत्यक्ष दिली जाण्याची अट नाही. आकडेमोडीत ही उणीव खपून जाते, गावात ती खपत नाही. ज्याची जमीन गेली त्याला राष्ट्रीय उत्पन्नातील वाढीचा आकडा दाखवून भागत नाही.

प्रत्यक्षात भरपाई अपुरी राहण्याची कारणे ठळक आहेत. बाजारमूल्य ठरविताना नोंदणी झालेल्या खरेदीखतांचा आधार घेतला जातो. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खतांत किंमत कमी दाखविण्याची प्रथा सर्वत्र आढळते. त्यामुळे मूल्याचा पायाच खाली राहतो. भरपाई मालकाला मिळते, तर त्याच जमिनीवर राबणारा शेतमजूर, वाटेकरी वा गावातील कारागीर यांच्या हाती काही येत नसे. गायरान, जंगल, नदीकाठ यांवर कोणा एकाची मालकी नसते, पण गरिबांचे सरपण, चारा व मासळी तेथूनच येते. मायकेल सर्निया या समाजशास्त्रज्ञांनी विस्थापनातून येणारे आठ धोके सांगितले आहेत. भूमिहीनता, बेरोजगारी, बेघर होणे, सामाजिक स्थान ढासळणे, अन्नाची असुरक्षितता, आजार व मृत्यूचे वाढते प्रमाण, सामाईक साधने गमावणे आणि समाजबंध तुटणे हे ते धोके होत. यांपैकी किती धोक्यांची नोंद निवाड्याच्या कागदावर होत असे, याचे उत्तर निराशाजनक आहे.

यात कार्यक्षमतेचाही प्रश्न आहे. ज्या साधनाची पूर्ण किंमत मोजावी लागत नाही ते साधन उधळले जाते. जमीन स्वस्तात मिळते म्हटल्यावर गरजेपेक्षा जास्त संपादन होते, मिळालेली जमीन वर्षानुवर्षे पडून राहते आणि प्रकल्पाचा खरा खर्च हिशेबात येतच नाही. न्याय आणि कार्यक्षमता यांत नेहमीच विरोध असतो हा समज येथे चुकीचा ठरतो.

२०१३ चा कायदा

या अनुभवातून सुधारणेची मागणी पुढे आली. महाराष्ट्राने १९७६ मध्येच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला होता. केंद्र शासनाची २००३ व २००७ ची पुनर्वसन धोरणे आली, परंतु धोरणाला कायद्याचे बळ नसते. अखेर संसदेने २०१३ मध्ये नवा कायदा संमत केला व १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करताना उचित भरपाई मिळण्याचा आणि पारदर्शकतेचा हक्क, असे त्याचे लांबलचक शीर्षकच दृष्टिकोनातील बदल सांगते.

भरपाईतील फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ग्रामीण भागातील एका शेताचे ठरविलेले बाजारमूल्य १० लाख रुपये आहे. जुन्या कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीनंतर ३० टक्के दिलासा रक्कम मिळून शेतकऱ्याला १३ लाख रुपये मिळाले असते. नव्या कायद्यात ग्रामीण भागासाठी बाजारमूल्याला १ ते २ या दरम्यानच्या गुणकाने गुणले जाते. गुणक २ धरल्यास २० लाख आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळून एकूण ४० लाख रुपये होतात. व्याज व झाडे, विहिरी आदींचे मूल्य यांत धरलेले नाही.

रकमेहून महत्त्वाचा बदल प्रक्रियेत आहे. संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे निर्धारण करणे, त्यावर जनसुनावणी घेणे आणि तज्ज्ञ गटाकडून ते तपासून घेणे या पायऱ्या आल्या. संपादनापूर्वीची ३ वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारी भूमिहीन कुटुंबेही बाधित मानली जाऊ लागली. खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित भूधारक कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरली. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांना ही अट नाही. अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेची संमती लागते.

संमतीची आणि परिणाम निर्धारणाची अट काही प्रकारच्या प्रकल्पांसाठी शिथिल करणारा वटहुकूम ३१ डिसेंबर २०१४ रोजी निघाला. तो २०१५ मध्ये दोनदा पुन्हा काढण्यात आला. त्यासंबंधीचे विधेयक लोकसभेत संमत झाले, पण दोन्ही सभागृहांची मान्यता त्याला मिळू शकली नाही. ऑगस्ट २०१५ अखेर वटहुकूम व्यपगत झाला. त्यानंतर गुजरात, तेलंगणा यांसारख्या काही राज्यांनी राष्ट्रपतींच्या अनुमतीने आपापल्या क्षेत्रापुरत्या दुरुस्त्या केल्या. एका सभागृहातील बहुमत पुरेसे न मानणारी द्विसदनी रचना व संघराज्य पद्धती या दोहोंचे कार्य या घटनाक्रमात दिसून येते.

संमतीतील बहुमत

संमतीची टक्केवारी ठरविल्याने मूळ प्रश्न पूर्णतः सुटला असे मात्र म्हणता येत नाही. १०० पैकी ८० कुटुंबांनी होकार दिला की उरलेल्या २० कुटुंबांवर तो निर्णय बंधनकारक होतो. म्हणजे बहुमताचे तत्त्व येथे गावपातळीवर पुन्हा अवतरते. शिवाय ही संमती भूधारकांची आहे. भूमिहीन बाधितांना पुनर्वसनाचा हक्क असला तरी संमतीच्या मोजणीत त्यांचे मत धरले जात नाही.

पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे २००६ मध्ये मोटार कारखान्यासाठी सुमारे १,००० एकर जमीन जुन्या कायद्याखाली संपादित झाली. बहुसंख्य भूधारकांनी मोबदला स्वीकारला, काहींनी नाकारला. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संपादन रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश दिला. ज्यांनी मोबदला घेतला होता त्यांनी तो परत करण्याची गरज नाही, कारण दहा वर्षे ते उपजीविकेला मुकले होते, असेही न्यायालयाने ठरविले. बहुसंख्यांनी मोबदला घेतल्यामुळे सदोष प्रक्रिया निर्दोष ठरत नाही, हा या निकालाचा बोध आहे.

ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथील बॉक्साइट खाणीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे, स्थानिकांचे धार्मिक व सांस्कृतिक हक्क बाधित होतात काय याचा विचार ग्रामसभांनी करावा, असे सांगितले. रायगडा व कालाहंडी जिल्ह्यांतील १२ ग्रामसभांनी एकमुखाने खाणीला नकार दिला. देशाच्या मानाने डोंगरिया कोंध समाज अगदी लहान आहे. पण त्या डोंगराच्या प्रश्नावर तोच बहुसंख्य होता. निर्णय कोणत्या पातळीवर व्हावा हे ठरविणे म्हणजेच पुष्कळदा न्यायाचा निकाल ठरविणे असते.

हक्काचे सात घटक

मालमत्तेचा हक्क मूलभूत नसला तरी तो घटनात्मक हक्क आहे आणि न्यायालयांनी त्यात हळूहळू आशय भरला आहे. २०११ मध्ये घटनापीठाने मोबदल्याचा दावा अनुच्छेद ३००अ मध्येच अनुस्यूत असल्याचे म्हटले. मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचे सात घटक सांगितले. नोटीस मिळणे, हरकत ऐकली जाणे, सकारण निर्णय होणे, संपादन केवळ सार्वजनिक प्रयोजनासाठीच असणे, न्याय्य भरपाई मिळणे, कारवाई कार्यक्षमतेने व मुदतीत होणे आणि ती अंतिमतः पूर्ण होणे, असे ते घटक आहेत. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने असेही स्पष्ट केले की, अनुच्छेद ३९(ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या संज्ञेत प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप मोडत नाही. हे प्रकरण मुंबईतील जुन्या इमारतींच्या संपादनाच्या कायद्यातून उद्भवले होते.

तथापि, न्यायालयाचे दार ठोठावण्यास लागणारा वेळ, पैसा व माहिती सर्वांकडे सारखी नसते. हमीरपूरच्या महिलेने याची पुरेपूर साक्ष दिली आहे. म्हणून न्यायाची पहिली जागा तहसील कार्यालयात, जनसुनावणीच्या मांडवात आणि ग्रामसभेतच असावयास हवी. जमिनीच्या नोंदी अद्ययावत ठेवणे, परिणाम निर्धारणाचा अहवाल स्थानिक भाषेत सोप्या शब्दांत उपलब्ध करणे, ताबा घेण्यापूर्वी भरपाई खात्यात जमा करणे, भूमिहीनांची यादी गावातच वाचून दाखविणे आणि न वापरलेल्या जमिनीचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करणे, या गोष्टींसाठी नव्या घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. त्यांतील बऱ्याचशा कायद्यात आहेतच. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या या प्रवासातून एक सूत्र हाती लागते. काय उभारावयाचे हे बहुमताने ठरवावे, ते त्याचे क्षेत्र आहे. ते कोणाच्या खर्चाने उभारले जाणार आणि त्या खर्चाची भरपाई कोणी, केव्हा व कशी करावयाची, हे मात्र केवळ मतांच्या मोजणीवर सोपविता येत नाही. जमीनदाराच्या काळात राज्यसंस्थेला मोकळा हात देणारे नियम पुढे अल्पभूधारकाच्या मुळावर आले, कारण सत्तेला घातलेली मर्यादा आज ज्याला अडचणीची वाटते, उद्या तीच त्याचा आधार असू शकते. धरणाच्या पाण्यावर फुललेल्या शेतांची गणना विकासात होते, तशीच त्या पाण्याखाली गेलेल्या घरांचीही झाली पाहिजे. ही दुसरी गणना प्रामाणिकपणे करणारे बहुमतच घटनात्मक म्हणविण्यास पात्र ठरेल.